पुढचा दात

डॉक्टरीणबाईंनी नूतनच्या वरच्या ओठाखाली कापसाची गुंडाळी सरकवली, तोंड असंच उघडं ठेव म्हणून सांगितलं आणि हातातला दिवा पेटवला. निळा उजेड दातावर पडला. भिंतीकडच्या स्टुलावर बसलेली पुष्पाबाई अर्धी उठली. दाताला दिवा लावतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"बैठो, माजी. कुछ नहीं होता. मसाला सूखता है," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पुष्पाबाई बसली, पण पदराचं टोक तिनं मुठीत आवळून धरलं. मुलीची मात्र गंमतच चालली होती. तोंड उघडं, जीभ अडकलेली, हलायची बंदी. तरी नूतन डोळे फिरवून, भुवया उडवून आईला काहीतरी सांगतच होती. झोपेचे तास सोडले तर ही पोर इतका वेळ गप्प राहिलेली पुष्पाबाईनं आजवर पाहिली नव्हती.

दात मुळात चांगला होता. वरच्या पुढच्या दोनांपैकी डावा. त्याच्या कडेला खाच पडत पडत शेवटी एक कोपराच उडाला होता. सुरतेत, डिंडोलीतल्या त्यांच्या गल्लीत असली खाच नवलाची नव्हती. पुरुष बमरोलीला कापडाच्या मागावर जात आणि बाया घरी बसून साड्यांना टिकल्या लावत. शेठचा माणूस सकाळी गठ्ठा टाकून जाई. टिकली ओवायची, टाका घालायचा, गाठ मारायची आणि दोरा दातानं तोडायचा. प्रत्येक गाठीला कात्री शोधत बसलं तर दिवसाला एक साडी होणार नाही. तो दोरा दिसायला केसासारखा, पण वर्षानुवर्षं एकाच जागी घासला की दातालाही कापतो. पुष्पाबाईच्या दातालाही तशीच खाच होती, मिसरीनं काळी पडलेली. तिचं लग्न कधीच होऊन गेलं होतं, त्यामुळे तिच्या दाताशी कुणाला काही देणंघेणं नव्हतं.

नूतनचं तसं नव्हतं. प्लेगच्या साली अख्खी गल्ली सुरत सोडून गावाकडं पळाली, तेव्हा गावात रिकामं बसण्यापेक्षा म्हणून तिच्या बापानं, शालिग्रामनं, मुलगी दाखवून घेतली होती. पारोळ्याचे पाहुणे आले, पोहे खाऊन गेले आणि चार दिवसांनी निरोप आला की मुलगी गोरीगोमटी आहे, पण पुढचा दात फुटका आहे आणि बोलते फार. शालिग्राम म्हणाला, हसतील त्याचे दात दिसतील. बापांना असं म्हणून बाजूला होता येतं. पुष्पाबाईला मात्र तो निरोप जेवताना, झोपताना आठवत राहिला. सुई पोरीच्या हातात तिनंच दिली होती, चौथीच्या उन्हाळी सुट्टीत. शाळा सुरू झाली तरी परत घेतली नव्हती.

आता नंदुरबारचं स्थळ चालून आलं होतं. मुलगा एसटीत कंडक्टर. कायमची नोकरी, स्वतःचं घर, एकटी आई. असं स्थळ गल्लीत याआधी कुणाच्या दारात आलं नव्हतं. समोरची शोभाबाई म्हणाली, जास्त बोलण्याला कुठल्या दवाखान्यात औषध नाही, पण फुटक्या दाताला आहे. उधन्याला एक नवीन डॉक्टरीण बसते, ती तुटका दात भरून अख्खा करते.

पहिल्या दिवशी त्या दोघी नुसत्या विचारायला गेल्या होत्या. पुष्पाबाईची कल्पना अशी की दातावर टोपी बसवतील, गावच्या सावकाराच्या बायकोला होती तशी. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. टोपीला दात चहूबाजूंनी घासावा लागतो आणि पैसेही बरेच जास्त. हे काम साधं आहे. सुई टोचायची नाही, दुखायचं नाही. दात थोडा खरखरीत करायचा, त्याच्या रंगाचा मसाला लावायचा, आकार द्यायचा, दिव्यानं घट्ट करायचा, घासून चकचकीत करायचा. तासाभराचं काम. सहाशे रुपये.

सहाशे म्हणजे किती साड्या, हे पुष्पाबाईनं मनात मांडायला घेतलं आणि मध्येच सोडून दिलं. मग तिनं मार्केटात विचारतात तसं विचारलं, माल पक्का आहे ना, रंग जाणार नाही ना? डॉक्टरीणबाई हसल्या, पण खोटं बोलल्या नाहीत. चार-पाच वर्षं टिकेल, जपलं तर जास्तही. चहानं हळूहळू पिवळा पडेल. ऊस, सुपारी, शेंगा या दातानं फोडायच्या नाहीत. निघाला तर परत लावता येतो, पण त्याचे पैसे परत पडतील. आणि मग त्यांनी नूतनचा दात पुन्हा एकदा बोटानं चाचपून पाहिला.

"ये दांत दिखाने के लिए है, बेटा. धागा काटने के लिए नहीं. समझी?"

नूतननं गुजरातीत सांगितलं की समजली, आणि वर हेही सांगितलं की तिच्या आईला मात्र एवढ्या पैशात सगळे बत्तीस करून हवे असतील. डॉक्टरीणबाई इतक्या हसल्या की बाहेर बसलेल्या पेशंटनं आत डोकावून पाहिलं. पुष्पाबाईनं मुलीच्या दंडाला चिमटा काढला. परक्यापुढं असं बोलू नये, हे तिनं तिला हजारदा सांगितलं होतं.

दिवा विझला. कापूस निघाला. घासण्याचं यंत्र थोडा वेळ गुणगुणलं आणि मग आरसा नूतनच्या हातात आला. ती आधी ओठ मिटून बघत राहिली, मग हळूच ओठ उघडले, मग सगळंच हसली. दात कुठला आणि मसाला कुठला, सांगता आलं नसतं.

"माय, देख."

पुष्पाबाईनं पाहिलं. आपली मुलगी देखणी आहे हे आईला माहीत असतंच, पण ते असं समोर कधी उभं राहिलं नव्हतं. ती पैसे काढायला वळली.

पाहुणे यायला आठवडा होता. पुष्पाबाईनं मार्केटातून दोन छोट्या कात्र्या आणल्या आणि एक सुतळीनं नूतनच्या गळ्यात बांधली. पहिले दोन दिवस नूतनचा हात गाठीनंतर सवयीनं तोंडाकडं जाई आणि पुष्पाबाई दुरूनच ओरडे. दुपारी गल्लीतल्या बाया नेहमीप्रमाणे त्यांच्या ओट्यावर सुया घेऊन जमत, कारण नूतन असली की काम सरत आल्याचं कळत नसे. ती शेठच्या माणसाची नक्कल करी, रेशनवाल्याची करी, शोभाबाईच्या नवऱ्याची शोभाबाईसमोर करी. आता तिला डॉक्टरीणबाई मिळाल्या होत्या. बाया हसून हसून सुया हरवत. एवढा तमाशा कशाला, म्हणून पुष्पाबाई करवादे, आणि पाठ वळवून स्वतःही हसून घेई.

स्वयंपाकघरात भांडी घासता घासता नूतननं एक प्रश्न पाठ केला होता. मुलानं काही विचारायचं आहे का म्हणून विचारलंच, तर ती विचारणार होती, की कंडक्टरला रात्रीचा मुक्काम किती वेळा बाहेर पडतो. शोभाबाईनं सांगितलं होतं, काही काही गाड्या खेड्यात मुक्कामाला जातात आणि कंडक्टर आठवड्यातले निम्मे दिवस तिकडंच झोपतो. असं असेल तर आपण घरात बोलायचं कुणाशी, असा तिचा साधा हिशेब होता. पुष्पाबाईनं बजावलं, असलं काही विचारू नको. नूतन म्हणाली, विचारणार.

रविवारी पाहुणे आले. मुलगा नितीन, त्याची आई शांताबाई आणि एक मामा. शांताबाई अंगानं किरकोळ, पण नजर अशी की पुष्पाबाईनं दोनदा उगाच घरातले कोपरे पाहून घेतले. नूतन पाट घेऊन बसली. शांताबाईनं तिला चालून दाखवायला सांगितलं नाही, केस मोजले नाहीत, या गोष्टी आता जुन्या झाल्या म्हणाली. एक मात्र तिनं सोडलं नव्हतं. तिच्या सासूनं तिला पाहिलं तेव्हा जे करायला लावलं, ते तीही करायला लावणार होती. डोळ्यांची पारख होते आणि हाताचीही.

"पोरी, सुईमा दोरा ओव बरं."

शालिग्राम मोठ्यानं हसला. टिकल्यांवर वाढलेल्या पोरीला सुईत दोरा ओवायला सांगणं म्हणजे माशाला पोहायला सांगणं. नूतनच्याही डोळ्यांत हसू आलं. कोपऱ्यातल्या गठ्ठ्याजवळचं रीळ आणि सुई तिनं उचलली. दोऱ्याचं टोक विस्कटलेलं होतं. तिनं ते जिभेला लावलं, दातात धरलं आणि फट्‌कन तोडलं.

पुष्पाबाईला तो आवाज ऐकू आला. दुसऱ्या कुणाला आला नसेल. दोरा तुटतानाचा आवाज ती रोज हजार वेळा ऐकत होती आणि हा तो नव्हता. गळ्यातली कात्री तिनंच सकाळी काढून ठेवली होती, पाहुण्यांसमोर बरी दिसत नाही म्हणून.

नूतनचे ओठ मिटले. सुईत दोरा मात्र गेला होता, एका झटक्यात. तिनं सुई शांताबाईच्या हातात दिली आणि मान खाली घातली.

"तुनं नाव काय शे?"

नूतन काही बोलली नाही. शालिग्रामनं घाईनं नाव सांगितलं. शिकली किती, तेही त्यानंच सांगितलं. स्वयंपाक येतो का, याला नूतननं मान हलवली. मामांनी सुरत आवडते की गाव, असं विचारलं, तेव्हा ती पाटाच्या कडेकडं बघत राहिली. शालिग्रामला वाटलं, पोरगी रुसली की काय. चहा आणायला नूतन आत गेली आणि बाहेर आली तरी ओठ तसेच. मग नितीननं, आईकडं एकदा बघून, स्वतःच विचारलं.

"तुम्हाला मला काही विचारायचं आहे का?"

चांगला होता तो. आवाज मऊ होता, आणि उत्तरासाठी तो खरंच थांबला होता. नूतननं मान वर केली. तोंड उघडलं तर फुटका दात दिसणार, दात दिसला की पारोळ्याचा निरोप परत येणार, शिवाय दवाखान्याचं सगळं उघडं पडणार. तिनं मुलीकडं पाहून अगदी थोडी मान हलवली. नाही म्हणून.

नूतननंही मान हलवली. काही विचारायचं नव्हतं.

निघताना शांताबाईनं चपला घालता घालताच सांगून टाकलं. निरोप पाठवायची, चार दिवस टांगून ठेवायची तिची रीत नव्हती.

"पोर आम्हले पसंत शे. जास्त बोलस नही, हाई बेस शे."

शालिग्राम त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेला. चालताना त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते. दार लोटलं गेलं आणि नूतननं गालात धरून ठेवलेला तुकडा तळहातावर काढला. तांदळाच्या कणीएवढा होता. तो तिनं आईपुढं धरला, आणि मग तिला हसू आवरेना. कंबर वाकवून, डोळे बारीक करून ती शांताबाई झाली.

"पोरी, सुईमा दोरा ओव..."

पुष्पाबाईनं तिच्या तोंडावर हात दाबला.

"चूप. आजून गल्लीमाच शेतस."

हात घट्ट बसला होता, पुष्पाबाईला वाटलं त्यापेक्षा घट्ट. तळव्याखाली हसणं थोडा वेळ हललं आणि थांबलं. रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, तो लांब गेला, तेव्हा तिनं हात काढला. पुढची नक्कल नूतननं केली नाही. तिनं चहाचे कप गोळा केले.

दात परत भरून घेतला. डॉक्टरीणबाईंनी या वेळी पैसे निम्मेच घेतले आणि निळा दिवा पेटवताना नूतनला गुजरातीत काही गमतीचं विचारलं. दिवा विझल्यावर नूतननं त्याचं एका शब्दात उत्तर दिलं. लग्नाला महिनाभर होता आणि त्या महिन्यात पुष्पाबाईनं मुलीला काही गोष्टी शिकवल्या. पुरणपोळीची कणीक कशी सैल ठेवायची, सासूच्या आधी कसं उठायचं, आणि शेवटी, गादीला खोळ घालता घालता, तिनं ती गोष्ट सांगितली.

"तठे जरा कमी बोलजो. शांत शे म्हनीसन पसंत करं त्यासनी."

"किती दिन, माय?"

रुळेपर्यंत, पुष्पाबाई म्हणाली. एकदा घर आपलं झालं की मग काय, बोल हवं तेवढं. तिला ते खरंच वाटत होतं. फसवणूक उघडी पडू नये, एवढ्यापुरतीच ही गोष्ट होती, दातासारखीच, वरवरची. नूतननं खोळीची बटणं लावली आणि बरं म्हणाली. ती हट्टी पोर होती, आईचं सहसा ऐकत नसे. नेमकं हे एक तिनं ऐकलं.

आखाजीच्या सणाला नूतन माहेरी आली. नितीन तिला सोडायला आला होता आणि दुसऱ्या दिवशी परतणार होता. गल्लीतल्या पोरींनी कडुलिंबाला झोका बांधला होता. त्यांनी नूतनला ओढत नेलं. ती झोक्यावर बसली, दोन झोके घेतले आणि उतरली. बाया तिच्याभोवती जमल्या, नंदुरबारचं सांग म्हणाल्या, सासूची नक्कल कर म्हणाल्या. नूतन म्हणाली, चांगल्या आहेत त्या. शोभाबाईनं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग स्वतःच कुणाच्या तरी जावयाची गोष्ट काढली. दुपारी ओट्यावर सुया घेऊन बाया बसल्या, तेव्हा नूतनही बसली. कात्रीनं दोरा कापत होती. दात अजून शुभ्र होता. हसली तर दिसला असता.

पुष्पाबाईनं स्वतःची समजूत घातली. पोर प्रवासानं दमली असेल. नवी नवरी, लाजत असेल. पोटात काही असेल, तेही बरंच. रात्री तिनं मुलीशेजारी अंथरूण टाकलं आणि नंदुरबारचं काही काही विचारलं. नूतननं सगळ्याची उत्तरं दिली. सासू छळत नाही. मारत कुणी नाही. ते आठवड्यातून तीन रात्री बाहेर असतात. बरं चाललंय. इतकी सुखाची उत्तरं ऐकून पुष्पाबाईला रडू यायला लागलं आणि तिनं कूस बदलली.

सकाळी नितीन जेवायला बसला. शालिग्राम पाळीवर गेला होता. पुष्पाबाईनं आमरस केला होता, सांजोऱ्या केल्या होत्या. जावयाशी ती जमेल तेवढी शुद्ध मराठी बोलत असे. तो अर्धं जेवण होईपर्यंत ताटाकडं बघत जेवला आणि मग त्यानं हात थांबवला.

"मामी, एक विचारू? रागावू नका."

"विचारा ना."

"नूतन घरात बोलतच नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. आई खूश आहे, तिला असंच हवं होतं. मी दिवसभर गाडीत असतो. माणसं बोलतात, पण तिकिटापुरतं. घरी आल्यावर वाटतं, कुणीतरी काहीतरी सांगावं. मला वाटतं, माझंच काही चुकलं असेल. ती इथं पण अशीच होती का?"

आतल्या दारात नूतन रसाचं पातेलं घेऊन उभी होती. तिनं ते ऐकलं होतं. तिनं आईकडं पाहिलं, आणि किती महिन्यांनी पुष्पाबाईला त्या डोळ्यांत काहीतरी हललेलं दिसलं. पोर वाट पाहत होती.

सांगणं अवघड नव्हतं. नाही हो जवाईबुवा, ही तर गल्लीची बोलकी पोर. एवढंच म्हणायचं होतं. पण मग गप्प का झाली, हे तो विचारणार. मग सुई, मग दात, मग दवाखाना, मग ती मान हलवणं. मग नंदुरबारला शांताबाईच्या कानावर सगळं जाणार. पुष्पाबाईच्या डोळ्यांपुढून ते सगळं भराभर गेलं. तिनं ताटातली सांजोरी उगाच सरळ केली.

"पहिल्यापासून अशीच आहे ती," पुष्पाबाई म्हणाली. "लहानपणी पण आवाज म्हणून ऐकू यायचा नाही."

नितीननं सुटल्यासारखा श्वास सोडला. म्हणजे त्याचं काही चुकलं नव्हतं. त्यानं वळून बायकोकडं पाहिलं.

नूतननं मान डोलावली, पुढं आली आणि त्याच्या वाटीत रस वाढला.